सल्ला: ट्रिब्युनलनं संरक्षण व्हिसा नाकारला, आता पस्तीस दिवसांत काय?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही दोघं बीड जिल्ह्यातले, सध्या मेलबर्नला. 2017 मध्ये घरच्यांच्या विरोधात आंतरजातीय लग्न केलं. माझ्या भावाच्या धमक्यांमुळे गाव सोडून पुण्यात हडपसरला राहिलो, तर 2018 मध्ये भाऊ चार जणांना घेऊन तिथंही आला. गावात सासरच्या लोकांना वाळीत टाकलं. 2019 ला मी विद्यार्थी व्हिसावर इथं आले, सोबत नवरा. 2021 मध्ये संरक्षण व्हिसाचा (मायदेशी जिवाला धोका असणाऱ्यांसाठीचा) अर्ज केला, तो डिपार्टमेंटनं, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं, नाकारला आणि आता खात्याचे निर्णय पुन्हा तपासणाऱ्या ट्रिब्युनलनंही. निर्णयावर 4 ऑगस्ट ही तारीख आहे, ईमेल 7 ला आला. गावातल्या धमक्या खऱ्या मानल्या आहेत, पण 2020 च्या फोनबद्दल मी एकदा एप्रिल आणि एकदा जून म्हणाले म्हणून तो फोन खोटा ठरवला. शेवटी ‘पुणे किंवा बेंगळुरूला राहता येईल’ असं लिहून विषय संपवला. हडपसरचा प्रसंग मी सुनावणीत सांगितला होता, निर्णयात त्याचा उल्लेखच नाही. दुभाषा मराठी मागितला होता, मिळाला हिंदीचा. आमचा एजंट म्हणतो, ‘कोर्टात अपील टाका, हरलात तरी तीन-चार वर्षं निघतील.’ काकांनी आता गावाकडून एक जुनी एफआयआरची प्रतही पाठवली आहे. मुलगी चार वर्षांची आहे. काय करावं?
(पत्राची तारीख 16 ऑगस्ट)

उत्तर

ताई, नमस्कार. सगळ्यात आधी कोर्टात जाण्याची मुदत, कारण ईमेल 7 तारखेला आला म्हणून ती तिथून मोजली जाण्याची भीती आहे. ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन अ‍ॅक्ट 1958 मधले पस्तीस दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, ईमेल हातात पडल्यापासून नाही. म्हणजे 4 ऑगस्टपासून. तुमचा शेवटचा दिवस 8 सप्टेंबर. तोही संध्याकाळी साडेचारच्या आत धरा. ऑनलाइन दाखल केलेला कागद त्यानंतर पोचला तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाचा समजला जातो आणि तुमच्या बाबतीत तो दुसरा दिवस म्हणजे मुदतीनंतरचा दिवस. खरं तर 1 सप्टेंबरलाच अर्ज टाकून मोकळं व्हा. हेच उत्तर तुम्हाला ईमेलनंही पाठवलं आहे, सदर छापून येईपर्यंत थांबायची वेळ नव्हती.

मुदत हुकलीच तर कोर्टाला ती वाढवून देता येते, पण त्यासाठी लेखी मागणी करावी लागते, उशिराच्या प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं आणि केसमध्ये दम आहे हेही दाखवावं लागतं. कोर्टानं मुदतवाढ नाकारली तर त्या नकारावर अपीलही करता येत नाही. तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

आता एजंटच्या ‘अपील’ या शब्दाकडे. तुम्ही जे करणार आहात ते अपील नाही, न्यायालयीन पुनर्विलोकन आहे, आणि हा फरक समजला नाही तर सगळी केस चुकीच्या कागदांवर उभी राहते. फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या विभागातला जज तुम्हाला भारतात धोका आहे की नाही हे ठरवणार नाही. त्याला तो अधिकारच नाही. तो एवढंच बघेल की ट्रिब्युनलनं निर्णय घेताना कायद्यानं घालून दिलेली वाट सोडली का. अशा चुकीला अधिकारक्षेत्राची चूक म्हणतात. ट्रिब्युनल ‘चुकीच्या निष्कर्षाला आलं’ एवढं म्हणून भागत नाही. त्यानं तुमचा दावा ऐकूनही बाजूला ठेवला, चुकीचा कायदेशीर प्रश्न स्वतःला विचारला, तुमच्याविरुद्धची माहिती तुम्हाला न दाखवता वापरली, किंवा तुम्हाला नीट बोलू दिलं नाही, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. शिवाय ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची खरी शक्यता होती हेही दिसायला हवं. हायकोर्टानं, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, 2024 मध्ये एलपीडीटी प्रकरणात हा निकष पुन्हा स्पष्ट केला. तो फार उंच नाही, पण आहे.

म्हणून निर्णयाची प्रत छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तो क्रमांक लिहा, जिथं क्रमांक सापडत नाही तिथं फुली मारा. तुमच्या पत्रावरून एक फुली आम्हाला इथूनच दिसते.

ती हडपसरची. ट्रिब्युनलनं गावातल्या धमक्या खऱ्या मानल्या आणि मग म्हटलं, पुण्यात राहा. पण पुण्यात राहून झालं होतं आणि तिथं भाऊ पोचला होता, हे तुम्ही सांगितलं होतं. निर्वासित या व्याख्येसाठी छळाचा धोका देशाच्या सगळ्या भागांत असावा लागतो. त्यामुळे ‘भाऊ पुण्यापर्यंत येतो का’ हा बारीकसारीक तपशील नाही, तोच मुख्य प्रश्न आहे. स्पष्टपणे मांडलेला, निकालावर परिणाम करणारा दावा ट्रिब्युनलनं विचारातच न घेणं ही अधिकारक्षेत्राची चूक ठरते. 2003 च्या द्रानिच्निकोव्ह प्रकरणापासून ही रेघ सरळ चालत आलेली आहे. इथं सरकारी वकील काय म्हणेल हेही आत्ताच ऐकून ठेवा: ‘निर्णयात उल्लेख नाही म्हणजे विचार केला नाही असं नाही, आणि निर्णय चुका शोधायच्या भिंगातून वाचू नये.’ दुसरा भाग 1996 च्या वू शान लियांग प्रकरणातला आहे आणि जज लोक तो फार मानतात. तुमचं उत्तर असं की प्रसंग एवढा मध्यवर्ती होता की त्याचा विचार झाला असता तर त्यावर एक ओळ तरी आली असती. ‘पुणे’ हा शब्द वापरणाऱ्या परिच्छेदात तर आलीच असती.

त्याच परिच्छेदात आणखी एक जागा बघा. निर्वासित ठरत नसलेल्या माणसालाही भारतात जिवाला किंवा शरीराला गंभीर इजेचा खरा धोका असेल तर पूरक संरक्षण मिळू शकतं, आणि त्या कसोटीत दुसरीकडे स्थलांतर करणं तुमच्यासाठी वाजवी आहे का हे वेगळं तपासावं लागतं. तुमच्यासाठी, म्हणजे चार वर्षांच्या मुलीसह, भाड्याच्या खोलीपासून नोकरीपर्यंत जात विचारली जाणाऱ्या जोडप्यासाठी. ट्रिब्युनलनं दोन्ही कसोट्या एकाच वाक्यात उरकल्या असतील, ‘इंग्रजी येतं, शिक्षण आहे, राहता येईल’ असं काहीतरी, तर तुम्ही सुनावणीत मांडलेल्या कोणत्या अडचणी त्यात नाहीत हे शोधा. सुनावणीत न मांडलेल्या अडचणी मात्र आता कोर्टात मांडून उपयोग नाही. ट्रिब्युनलपुढे जे नव्हतं, त्याचा विचार न केल्याचा दोष त्याला देता येत नाही.

पोलिसांच्या संरक्षणाबद्दलही निर्णयात मजकूर असणार. भारताच्या केसमध्ये बहुधा डीएफएटीचा (ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याचा) देश-अहवाल, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा ऑनर किलिंगविरोधातला शक्ती वाहिनी निकाल, महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा असे दाखले येतात. कायदा आहे म्हणजे संरक्षण आहे, असा सरळ उडी मारलेला युक्तिवाद दिसला तर खूण करा. कायद्यात लिहिलेली कसोटी संरक्षण त्या माणसाला मिळवता येण्याजोगं आणि टिकाऊ आहे का, पोलीस पुरेसे परिणामकारक आहेत का, अशी आहे. पण ट्रिब्युनलनं हे प्रश्न विचारले आणि उत्तर तुम्हाला पटलं नाही, एवढंच असेल तर तिथं कोर्ट हात घालत नाही.

एप्रिल-जूनचा फोन सोडून द्या. सोडवत नाही, कारण खोटं पाडल्याचा राग त्याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त असतो. पण कोणावर विश्वास ठेवायचा हा ट्रिब्युनलचाच अधिकार. अगदी तर्कहीन असेल तरच कोर्ट त्यात शिरतं, आणि दोन वेगवेगळे महिने सांगितल्यावर शंका घेणं तर्कहीन नाही. 2019 ला येऊन 2021 ला अर्ज का केला, हा मुद्दाही तसाच. कमकुवत ग्राउंड, म्हणजे आव्हानाचा मुद्दा, चांगल्या ग्राउंडशेजारी ठेवला की चांगल्याचीही किंमत उतरते. दोन नेमके मुद्दे दहा पसरट मुद्द्यांपेक्षा बरे.

आता दुभाषा. हा मुद्दा आम्हाला तुमच्या पत्रातला सगळ्यात दुर्लक्षित वाटतो. ‘वाळीत टाकलं’ याचं तुमच्या हिंदीत काय झालं आणि त्या हिंदीचं इंग्रजीत काय झालं? ‘गावाबाहेर राहायला गेले’ असं भाषांतर झालं असेल, आणि निर्णयात ‘कुटुंब आधीच गावाबाहेर राहत होतं, त्यामुळे त्यांना त्रास नव्हता’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर ती शब्दाची गफलत राहिलेली नाही, पुरावाच उलटा झाला आहे. फक्त ‘दुभाषा चांगला नव्हता’ म्हणून चालणार नाही. ट्रिब्युनलकडून सुनावणीचं ध्वनिमुद्रण मागवा. तुमच्या केस क्रमांकासह ईमेल केला की पुरतो, आणि तो सोमवारीच करा. ऐकताना ‘1 तास 12 मिनिटे’ अशी वेळ टिपत जा. मराठी-इंग्रजीचं नाटी (इथली भाषांतरकारांना प्रमाणित करणारी संस्था) प्रमाणपत्र असलेल्या भाषांतरकाराकडून तेवढा भाग उतरवून घ्या: तुम्ही काय बोललात, दुभाषा काय बोलला, बरोबर भाषांतर काय. हे भाषांतरकाराच्या स्वतःच्या अ‍ॅफिडेव्हिटसह कोर्टात जातं. तुमची मैत्रीण कितीही चांगलं इंग्रजी बोलत असली तरी तिचं भाषांतर इथं चालणार नाही. आणि तुम्ही सुनावणीत तक्रार केली होती का, हे विचारलं जाईल. केली नसेल तर केस संपत नाही, पण सरकारी वकील त्यावर बोट ठेवणार. अर्जाच्या फॉर्मवर भाषा ‘मराठी’ लिहिलेली प्रत हाताशी असू द्या.

हडपसरचं बोलणंही त्याच ध्वनिमुद्रणात आहे. त्याचा उतारा जोडल्याशिवाय ‘मी सांगितलं होतं’ हे कोर्टापुढे सिद्ध होत नाही, ही गोष्ट वकिलाशिवाय लढणाऱ्यांच्या हमखास लक्षात येत नाही. जजपुढे मंत्र्यांच्या वकिलांनी तयार केलेलं कोर्ट बुक असतं. त्यात कागद असतात, सुनावणीतला आवाज नसतो.

दाखल करायचं ते असं. मायग्रेशन अर्जाचा कोर्टाचा फॉर्म आणि एक अ‍ॅफिडेव्हिट, ज्याला निर्णयाची पूर्ण प्रत जोडलेली. कॉमनवेल्थ कोर्ट्स पोर्टलवर खातं उघडून ऑनलाइन टाकता येतं. अ‍ॅफिडेव्हिट वकिलापुढे किंवा जेपीपुढे (जस्टिस ऑफ द पीस, सही साक्षांकित करणारी व्यक्ती) सही करून घ्यायचं. जेपी पुष्कळ ठिकाणी वाचनालयात ठरलेल्या वेळी मोफत बसलेले असतात. पहिले प्रतिवादी इमिग्रेशनमंत्री, दुसरं ट्रिब्युनल. त्याचं नाव आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आहे, 14 ऑक्टोबर 2024 पासून. जुने नमुने इंटरनेटवरून उतरवून घेणारे अजून एएटी हे जुन्या ट्रिब्युनलचं नाव लिहून मोकळे होतात. अर्जदार म्हणून निर्णयात नावं असलेले तुम्ही तिघंही, मुलगीसुद्धा. ती सज्ञान नसल्यामुळे तिच्या वतीनं लिटिगेशन गार्डियन लागतो, बहुधा आई किंवा वडील. तिचं नाव राहिलं तर तुमची केस ट्रिब्युनलकडे परत गेली तरी तिची जाणार नाही. शिक्का लागलेली प्रत परत मिळाली की ती प्रतिवादींना पोचवायची.

ग्राउंड्स लिहिताना ‘ट्रिब्युनलनं माझे सर्व पुरावे नीट तपासले नाहीत’ हे वाक्य टाळा. त्या कोर्टात हे वाक्य इतक्या अर्जांत येतं की ते वाचून कोणालाच काही कळत नाही. असं लिहा, अर्थात इंग्रजीत: ‘परिच्छेद अमुकमध्ये ट्रिब्युनलनं अर्जदार पुण्यात राहू शकतात असं ठरवलं. 2018 मध्ये पहिल्या अर्जदाराचा भाऊ हडपसर, पुणे येथे त्यांच्यापर्यंत पोचला, हा सुनावणीत (ध्वनिमुद्रण अमुक वेळ) स्पष्टपणे मांडलेला दावा विचारात घेतला नाही.’ एवढंच. दुभाष्याचा दुसरा ग्राउंड. पहिल्या दिवशी उतारा तयार नसला तरी अर्ज अडवून ठेवू नका. कोर्ट नंतर सुधारित अर्ज, उतारे आणि लेखी युक्तिवाद देण्याच्या तारखा ठरवून देतं. त्या तारखा मात्र पाळाव्या लागतात. पत्ता किंवा ईमेल बदलला आणि कोर्टाला कळवला नाही, मग तारखेला कोणी हजर नाही आणि अर्ज फेटाळला, हे अगदी साध्या हलगर्जीनं होतं.

पैशाचं स्वच्छ सांगतो. दाखल करण्याची फी 2021 मध्ये 690 डॉलरवरून 3,330 वर गेली आणि पुढंही वाढत आली, आजचा आकडा कोर्टाच्या संकेतस्थळावर बघा. ओढाताण असल्याचं उत्पन्न-खर्चाच्या कागदांनी दाखवलं तर साधारण निम्मी होते. हरलात तर मंत्र्यांच्या वकिलांचा खर्च तुमच्यावर बसतो. पूर्ण सुनावणीपर्यंत गेलेल्या केसला तो आठ हजार डॉलरच्या आसपास धरून चला. हा खर्च म्हणजे सरकारचं देणं, आणि ते थकलेलं राहिलं तर पुढच्या व्हिसाला आडवं येऊ शकतं. तुमच्या एजंटनं ‘हरलात तरी’ म्हणताना हे सांगितलं का?

त्याच्या त्या सल्ल्याबद्दल थोडं अधिक. यशाची रास्त शक्यता नसताना, फक्त वेळ काढण्यासाठी, कोणाला कोर्टात जायला भरीस घालणं मायग्रेशन अ‍ॅक्टनं मनाई केलेलं आहे आणि कोर्ट भरीस घालणाऱ्यावर खर्च बसवू शकतं. मायग्रेशनच्या केसमध्ये वकिलाला ‘यशाची रास्त शक्यता आहे’ असं लेखी प्रमाणपत्र द्यावं लागतं ते यामुळेच. जो माणूस वकील नाही, फक्त नोंदणीकृत एजंट आहे, तो कोर्टात तुमच्या वतीनं उभाही राहू शकत नाही. तुमच्या केसमध्ये खरे मुद्दे आहेत असं आम्हाला वाटतं, आणि म्हणूनच ती ‘वर्षं काढायची केस’ म्हणून दाखल होऊ नये. मेलबर्नमध्ये रिफ्युजी लीगलला आणि व्हिक्टोरिया लीगल एडला लगेच फोन करा, मुदतीची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. इंग्रजीत अडलात तर 131 450 वर टीआयएसचा (सरकारी दुभाषा सेवेचा) दुभाषा मिळतो. मराठीच मागा, यावेळी हिंदीवर समाधान मानू नका. वकील नाहीच मिळाला तरी मुदतीत अर्ज टाका, तो नंतर सुधारता येतो.

ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे निकाल लागेपर्यंत इथं राहू देणारा तात्पुरता व्हिसा, ही वेगळी गोष्ट आहे आणि लोक नेमके इथंच घसरतात. कोर्टात अर्ज केला म्हणजे व्हिसा आपोआप वाढत नाही. सध्याचा ब्रिजिंग ए कोणत्या तारखेला संपतो ते वीवोवर (डिपार्टमेंटच्या ऑनलाइन व्हिसा-तपासणीवर) आजच बघा आणि कोर्टाचा शिक्का असलेली प्रत मिळाली की ती जोडून डिपार्टमेंटकडे नव्या ब्रिजिंग व्हिसाचा अर्ज करा, जुना संपायच्या आत. मध्ये खंड पडला तर ब्रिजिंग ई वर जावं लागतं आणि तिथून परत ए वर येता येत नाही. नवा व्हिसा आला की काम करण्याची अट शब्दशः वाचा आणि मालकाला दाखवायच्या आधी स्वतः समजून घ्या. या काळात भारतात जाऊन यायचा विचारही नको. ब्रिजिंग ए देश सोडताच संपतो, आणि ज्या गावाची भीती सांगितली तिथं जाऊन आल्यावर केसमध्ये काय उरणार?

तुम्हाला नावाची काळजी असेल. संरक्षण व्हिसाच्या अर्जदारांची नावं कोर्ट प्रसिद्ध करत नाही, निकालात अक्षरं आणि आकड्यांचं टोपणनाव येतं. निकाल इंटरनेटवर असतो, पण गावाकडचं कोणी तुमच्या नावानं शोधलं तर तो सापडत नाही. ते टोपणनाव मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही स्वतःच टाकलं नाही म्हणजे झालं.

जिंकलात तर व्हिसा मिळत नाही. ट्रिब्युनलचा निर्णय रद्द होऊन केस परत ट्रिब्युनलकडे जाते, सहसा दुसऱ्या मेंबरपुढे (निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे), आणि नव्यानं सुनावणी होते. कधी मंत्र्यांचे वकील चूक मान्य करून सुनावणीआधीच केस परत पाठवायला तयार होतात. तसं पत्र आलं तर घाबरू नका, ती चांगली बातमी असते. हरलात तर 28 दिवसांत फेडरल कोर्टात अपील आहे, पण तिथंही प्रश्न कायदेशीर चुकीचाच. ऑस्ट्रेलियात राहून दुसरा संरक्षण अर्ज करायला कायद्यानं बंदी आहे, मंत्र्यानं स्वतः ती उठवली तरच करता येतो. निर्णय बदलण्याची विनंती मंत्र्याकडे करता येते, पण ती ऐकण्याचं बंधन त्याच्यावर नाही आणि खटला चालू असताना ती सहसा विचारात घेतली जात नाही.

राहिली काकांची एफआयआर. ती कोर्टाच्या अर्जाला जोडू नका. ट्रिब्युनलपुढे नव्हती, म्हणून जज ती बघणार नाही, उलट तुम्ही पुन्हा तथ्यांवरच भांडताय असं दिसेल. केस परत ट्रिब्युनलकडे गेली तर मात्र ती कामाची आहे, आणि तेव्हा पहिला प्रश्न येईल की ती आधी का दिली नाही. त्यामुळे काकांना विचारून आत्ताच लिहून ठेवा: प्रत कोणाकडे होती, कोणत्या पोलीस ठाण्यातून, कधी मिळाली. पाकीट फेकलं नसेल तर तेही ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख असते.